आत्याचे वजन

कोल्हापुरात मी बारा दिवस राहिलो, आणि अंबाबाईचे दर्शन सोडले तर पाहण्यासारखे म्हणून जे सांगतात त्यांतले एकही स्थळ मी पाहिले नाही. रंकाळा रिक्षातून दिसला तेवढाच. पन्हाळा बाराही दिवस ढगात होता. खासबागेवरून रोज जात-येत होतो. पण शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१२ साली पुरे झालेले ते कुस्तीचे मैदान आत जाऊन पाहावे, एवढी फुरसत काही मिळाली नाही. तांबडा-पांढरा रस्सा डब्यातून आला आणि इस्पितळाच्या बाकावर बसून खाल्ला. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून कोल्हापूरच्या वर्णनाची अपेक्षा धरू नये. माझे कोल्हापूर म्हणजे एका खासगी इस्पितळाचा दुसरा मजला, तिथली अकरा नंबरची खाट, आणि त्या खाटेवर माझी आत्या.

आत्या शुक्रवार पेठेत राहते. २०२३च्या जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, परसदारच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. वय अठ्ठ्याहत्तर. आतेभावाचा फोन आला त्याच रात्री मी मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. वास्तविक मी जाऊन तिथे करणार काय होतो? ना डॉक्टर, ना वैद्य. पण लहानपणी आईच्या आजारपणात दोन वर्षे मला याच आत्याने सांभाळले. जोतिबाच्या चैत्र यात्रेला मला कडेवर घेऊन ती डोंगर चढली होती, असे ती भेटेल त्या नव्या माणसाला अजून सांगते. आणि 'तेव्हा हा चार वर्षांचा घोडा होता,' अशी पुस्ती जोडते.

सकाळी स्टेशनवरून निघालो. दसऱ्या चौकाच्या पुढे सी. पी. आर.ची जुनी दगडी इमारत पावसात भिजत उभी होती. संस्थानी काळात हे अल्बर्ट एडवर्ड इस्पितळ. जुनी कोल्हापूरकर माणसे त्याला 'थोरला दवाखाना' म्हणतात. आमचा दवाखाना त्या मानाने धाकटाच. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्या एकाच दवाखान्यात घडते असे मला मुळीच वाटत नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मोडलेल्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवला. डॉक्टरांनी आम्हाला दारात उभे करून बजावले : पायावर पाय टाकू द्यायचा नाही, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकू द्यायचे नाही, चवडा आत वळू द्यायचा नाही. आम्ही माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी फोटो काढण्यासाठी तिला तळमजल्यावर न्यायचे होते. एक वॉर्डबॉय आणि एक मावशी ट्रॉली घेऊन आले. पोराने आत्याच्या काखांत हात घातले, मावशीने पाय धरले, आणि 'हं!' म्हणून दोघांनी उचलले. ट्रॉलीच्या चाकाला खिट्टी लावलेली नव्हती. आत्या अधांतरी असतानाच ट्रॉली हातभर मागे सरकली. मावशीचा एक हात सुटला. पोराने प्रसंगावधान राखले म्हणायचे, पण ते कसे? तर आत्याचा उजवा दंड धरून त्याने तिला जोराने वर ओढले. आत्या अशी ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

हाड मोडले नव्हते. खुबाही जागेवर होता. पण खांदा ताणला गेला, हात वर होईना. आता वॉकरवर भार टाकून चालायचे ते कुठल्या हाताने? चार दिवसांत घरी जाणारे माणूस बारा दिवस राहिले ते या एका 'हं!'मुळे.

मी तीस वर्षे कचेरीत काढलेला माणूस. तक्रार लिहिणे ही माझ्या हातची कला आहे. खाली जाऊन तक्रारवही मागितली आणि दोन पाने लिहिली. 'सदर मजल्यावरील आया निष्काळजी असून...' वगैरे. सही केली, तारीख घातली, आणि फार मोठे काम केल्याच्या समाधानात वर आलो.

त्याच रात्रीची गोष्ट. डोक्याकडची बाजू उंच केलेल्या खाटेवर माणूस हळूहळू पायाकडे घसरते. आत्या अशी घसरत घसरत खाटेच्या मध्यावर आली होती आणि हनुवटी छातीला टेकली होती. घंटा वाजवली, कोणी येईना. रात्रपाळीला दोन मजल्यांना मिळून माणसे मोजकीच. म्हटले, आपणच वर ओढू, त्यात काय आहे? मी तिच्या डोक्याशी गेलो, वाकलो, काखांत हात घातले (दिवसा ज्यावर दोन पाने लिहिली तेच!) आणि ओढले. आत्या चार बोटे वर आली असेल नसेल, माझ्या कमरेत मात्र वीज चमकावी तशी उसण भरली. मला ना सरळ होता येईना, ना वाकता. मावशी आली तेव्हा तिला एकाऐवजी दोन रोगी दिसले.

तिने मला भिंतीला टेकवून उभे केले. मग पाठ फिरवून पदराआडून रुंद कापडी पट्टा सोडला आणि माझ्यापुढे धरला.

"बांधा ह्यो. घट्ट बांधा."

"तुमचा?"

"अकरा वर्सं झाली. मी रोज बांधतो की. वर लुगडं असतंय, कुणाला दिसत न्हाई." कोल्हापुरातल्या बायका 'मी येतो, मी करतो' असे पुरुषासारखे बोलतात, ते कानाला गोड लागते; त्या रात्री लागले नाही.

"डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"आणि कामावर कोण ठेवंल वो? कंबर गेल्याली बाई कशाला पायजे कुणाला? ठेकेदाराची मानसं आमी."

मावशीचे वय पन्नाशीच्या आसपास, वजन असेल पंचेचाळीस किलो. आत्या बासष्ट किलोंची. काट्यावरचा आकडा तिच्या केसपेपरावरच होता. तशा पंचवीस-तीस माणसांना ही बाई दिवसातून कूस बदलून देणार, भांडे देणार, उठवणार, बसवणार. मी ओशाळून तक्रारीचा विषय काढला. तिला सिस्टरकडून कळले होते. "बरोबर लिवलंय तुमी," एवढेच म्हणाली. "आमच्या हातनं झालं ते झालंच." आणि आत्याची उशी सारखी करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आतेभावाने मला गंगावेशीकडे एका म्हाताऱ्या वस्तादांकडे नेले. कोल्हापुरात लचक, उसण, मुरगळा यांचे अपील आधी तालमीत चालते. (मोडलेल्या हाडाचे चालत नाही, 'फोटो काढून या,' असे वस्तादच बजावतात.) पालथे घालून त्यांनी तेल चोळले आणि हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "उचलायला ताकद लागते हे कुणी सांगितलं तुम्हाला? वजन आधी पोटाशी आणायचं. पाय फाकवायचे. गुडघ्यात बसायचं. कमरेत वाकून उचलायला गेलेला पैलवान आखाड्यात एकदाच दिसतो."

"मग आत्याला तसं उचलू?"

"छे! पैलवान आपल्याला चिकटलेला असतो. तोही जोर लावतो. आजारी माणूस म्हणजे भिजलेलं पोतं, मधेच दुमडतं. आणि तिला पोटाशी घेणार कशी? खाट मधे येते की!"

'खाट मधे येते' हे त्यांचे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसले. ओणवे होऊन, हात लांब करून, मधल्या माणसाला उचलायचे. यात पाठीच्या कण्यावर येणारा भार माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. तेच वजन छातीशी असते तर निम्म्याने सुसह्य झाले असते. हा तरफेचा नियम आम्ही शाळेत शिकलो होतो, पण तिथे चित्रात दगड आणि पहार होती, आत्या नव्हती.

घरी आत्याच्या सुनेने एक आठवण काढली. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेचे पाणी गल्लीत शिरले तेव्हा तालमीची पोरे आत्याला न्यायला आली होती. तिला त्यांनी लाकडी खुर्चीत बसवली, धोतराने कमरेशी बांधली, दोघे मागे, दोघे पुढे, आणि एकजण नुसता मोजायला. 'एक, दोन, तीन' म्हटल्याखेरीज कोणी खुर्चीला हात लावायचा नाही. आत्या त्याला 'माझी पालखी' म्हणते. ज्या पोरांनी जोतिबाची सासनकाठी नाचवलेली असते, चहूबाजूंनी दोऱ्या धरून ती उंच काठी तोलून धरलेली असते, त्यांना एकाच्या हुकमाने वजन हलवायचे हे शिकवावे लागत नाही. म्हणजे ही विद्या गावात नव्हती असे नाही. ती इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचली नव्हती.

डबा न्यायला मी आतेभावाच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपवर थांबलो होतो. हे उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचा दुसरा आखाडा. ओतकाम, ऑइल इंजिने, यंत्रांचे सुटे भाग यांवर हजारो संसार चाललेले. आतेभावाच्या शेडमध्ये वरच्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगलेली होती. एक किरकोळ पोरगे साखळी ओढत होते आणि खाली ओतीव लोखंडाचा एक धोंडा संथपणे वर चढत होता.

"वजन किती?" मी विचारले.

"असेल साठ किलो."

"मग दोघांनी हाताने उचलून ठेवायचा. एवढ्यासाठी साखळी?"

आतेभावाने माझ्याकडे वेड्यासारखे पाहिले. "साठ किलो? कुणाची कंबर गेली तर? इन्स्पेक्टर आला तर?" आणि त्याने मला १९४८ सालच्या कारखाने कायद्याचे चौतिसावे कलम ऐकवले : इजा होण्याजोगे जड वजन कामगाराला उचलायला लावता कामा नये. हे म्हणता म्हणता तो थबकला. आम्ही दोघेही त्या धोंड्याकडे पाहत राहिलो. आत्या त्याच्याहून दोन किलो जड होती, आणि इस्पितळ हा काही कारखाना नव्हे.

मुंबईला परतल्यावर मी या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले, त्यातले थोडे इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारी एक सरकारी संस्था आहे. तिच्यातील थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ साली हिशेब मांडला की, रुग्णाला हलवताना एका माणसाच्या वाट्याला फार तर पस्तीस पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो भार यावा. आणि तोही सारे अनुकूल असताना. त्यापेक्षा अधिक असेल तर यंत्राची मदत घ्यावी. सोळा किलो! आत्याचा एक पाय आणि थोडे काही. त्याआधी १९९९ साली ओहायओ स्टेट विद्यापीठात उचलणाऱ्यांच्या कण्यावरचा ताण मोजून पाहिला, तेव्हा एकट्याने तर नाहीच, पण दोघांनी मिळून उचलण्याच्या पद्धतीही धोक्याच्याच ठरल्या. 'नीट वाकायला शिका म्हणजे झाले,' या सल्ल्यावर पाणी पडले. ब्रिटनमध्ये १९९३ पासून कायदाच झाला, की धोक्याचे उचलणे शक्य तिथवर टाळायचे, आणि टाळता येत नसेल तिथे आधी धोका जोखायचा. काखेत हात घालून उचलणे तिकडे नर्सेसना आता चूक म्हणून शिकवतात. अशा इस्पितळांत झोळी लावलेले छोटे उचलयंत्र असते. आजाऱ्याला झोळीत घ्यायचे, कळ दाबायची, की तो वर. आतेभावाच्या चेनपुलीचे हे सुशिक्षित भावंड.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर असले यंत्र नव्हते. पण सातव्या दिवशी व्यायाम शिकवणारी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि तिने दहा मिनिटांत आमचे डोळे उघडले. तिने आल्याआल्या कोणालाही न विचारता जे केले ते असे : खुर्ची ओढून आत्याच्या समोर बसली आणि म्हणाली, "आजी, आता आपण कुशीवर वळणार. आधी तुम्ही गुडघा वाकवायचा, मग मी हात लावणार. चालेल?" आत्या सात दिवसांत पहिल्यांदा हसली. मग मला म्हणाली, "दुखण्याचं काही नाही रे. पण आतापर्यंत कुणी सांगून हात लावला नव्हता. गुळाची ढेप असल्यासारखी उचलत होते."

त्या मुलीनेच मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र वाचायला सांगितले. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या बाईंनी १९८४ साली याच गावात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. दुसऱ्याच्या हातांवर विसंबून जिना चढावा लागणाऱ्या माणसाला ते हात कसे वाटतात, हे उचलणाऱ्याला कधी सुचणारच नाही.

मग तिने युक्त्या दाखवल्या. उचलायचे नाही, सरकवायचे, ही त्यातली मुख्य. नुसत्या चादरीवरून फरफटत ओढले तर कातडी सोलपटते, पाठीवर जखमा होतात. म्हणून खाली गुळगुळीत कापड हवे. परदेशात यासाठी नायलॉनची खास चादर मिळते. "छत्रीचं कापड चालेल?" वहिनीने विचारले. मुलीने क्षणभर विचार करून आधी नमुना आणायला सांगितला. कोल्हापुरात जुलै महिन्यात छत्रीच्या कापडाला काय तोटा! वहिनीने त्याच संध्याकाळी दुहेरी शिवणीची एक नळी शिवली, दोन्ही तोंडे उघडी असलेल्या पोत्यासारखी. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आधी मला खाटेवर निजवून तिची परीक्षा घेतली. मग पायांमध्ये उशी ठेवून आत्याला चांगल्या कुशीवर वळवले, नळी खांद्यापासून मांडीपर्यंत खाली सारली, परत उताणे केले. कापडाचा एक पदर दुसऱ्यावरून घसरतो आणि माणूस अलगद सरकते. मावशी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, खाट दोघींच्या कमरेइतकी उंच केलेली, डोक्याकडची बाजू सपाट. "एक, दोन, तीन." बासष्ट किलोंची आत्या पोळपाटावरून पोळी सरकावी तशी उशीपर्यंत गेली.

मावशीने आपल्या हातांकडे पाहिले. "एवढंच?" म्हणाली. "एवढंच व्हतं हे?"

काम झाल्यावर कापड आठवणीने काढून घ्यायचे, नाहीतर त्याच्यावरूनच माणूस खाली घसरते. ट्रॉलीवर नेताना खाट आणि ट्रॉली एकमेकींना भिडवायच्या, दोन्हींच्या खिट्ट्या आधी लावायच्या, मधल्या फटीवर गुळगुळीत फळी टाकायची, आणि तिघे-चौघे असल्याशिवाय हात घालायचा नाही. खुर्चीतून उठवताना हात धरून ओढायचे नाही. आजाऱ्याने खुर्चीच्या कडेशी यायचे, दुखरा पाय थोडा पुढे ठेवायचा, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठायचे, आपण कमरेच्या पट्ट्याला नुसता आधार द्यायचा. जेवढे त्याला स्वतःला जमते तेवढे त्यालाच करू द्यायचे. आत्याचा खांदा अजून दुखत होता म्हणून आम्ही खुर्चीची बैठक उंच केली. उंच बैठक खुब्यालाही बरी.

दहाव्या दिवशी मी तक्रारवही पुन्हा मागितली. लिहिलेले खोडायचे होते. कारकून म्हणाला, "खोडता येत नाही साहेब. खाली लिहायचं असेल तर लिहा." मग खाली लिहिले. या वेळी कला चालेना. ट्रॉलीच्या चाकाला खिट्टी नाही, खाटेची उंची बदलायची कळ बिघडलेली, रात्री दोन मजल्यांना मिळून माणसे अपुरी, फळी नाही, सरकवायचे कापड नाही. आणि या सर्वांचा भार जिच्या कमरेवर पडतो तिला दोष देणारे वरील लिखाण मी मागे घेत आहे. कमरपट्ट्याबद्दल मात्र लिहिले नाही. तिने तो लपवला होता तो उगीच नव्हे.

त्याचा उपयोग किती झाला? खिट्ट्या दुसऱ्याच दिवशी बसल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले. मावशीला तोंडी समज मिळाली, ती माझ्या पहिल्या लिखाणामुळे. दुसरे लिखाण तोवर वरच्या टेबलावर पोहोचले नव्हते.

बाराव्या दिवशी आत्या घरी आली. आतेभावाने खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ती उंच केली होती. ठोकळ्यांना खाचा पाडल्या होत्या, पाय निसटू नयेत म्हणून. एवढ्यावर न थांबता तो माजघराच्या तुळईकडे पाहत होता. त्याच्या मनात काय चालले आहे हे आत्याने ओळखले.

"साखळी लावशील तर याद राख! मी काय डिझेल इंजिन आहे?"

त्या दिवाळीत मी फोन केला तेव्हा ती वॉकरवर परसदारापर्यंत जाऊ लागली होती. त्या पायरीला टाकी लावून घेतली आहे, आता घसरत नाही, असे म्हणाली. मावशी फराळाला येऊन गेल्या होत्या. जाताना आम्ही त्यांना दिलेली नळी शिवणीत उसवली म्हणून घेऊन आल्या होत्या. वहिनीने ती उसवून पुन्हा शिवून दिली, आणि मावशींच्या सांगण्यावरून आणखी दोन नव्या. या वेळी वीतभर रुंद, कारण पाच नंबरच्या खाटेवर एक पैलवान आला होता.